नखाखालची कळ, गार पाणी आणि 'ट्यूमर' नावाची धास्ती

प्रश्न : आम्ही सोलापुरात विडी घरकुलला राहतो. आईचं वय ४४. लग्न झाल्यापासून विड्या वळते. पाचेक वर्षांपासून तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात, नखाखाली, अशी कळ येते की मांडीवरचं सूप बाजूला सारून बोट घट्ट धरून बसते. गार पाण्यात हात घातला की जास्तच. एक्स-रेत काही निघालं नाही. वाताच्या गोळ्या झाल्या, नसांच्या झाल्या, मानेचा पट्टा झाला. एकदा नखुरडं समजून नख काढलं. नवीन नख आलं, दुखणं तसंच राहिलं. आता एका डॉक्टरांनी 'ग्लोमस ट्यूमर' आहे, ऑपरेशन करू, असं सांगितलंय. ट्यूमर म्हणजे कॅन्सर का? गोळ्यांनी जाणार नाही का? एमआरआय करावा का? परत नख काढायचं म्हणतात, मग बोट कामाचं राहील का? आणि विड्यांमुळेच हे झालं असेल तर तिचं काम बंद करू का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे घरातले पुढचं नीट वाचतील. हा कॅन्सर नाही. ट्यूमर म्हणजे गाठ, एवढंच. ग्लोमस ट्यूमर ही रक्तवाहिन्यांशी संबंधित साधी गाठ असते. ती शरीरात पसरत नाही, जिवाला धोका करत नाही. या जातीच्या गाठी कॅन्सरच्या निघाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, पण ती इतकी विरळ की नखाखालच्या मिलिमीटरभर गाठीसाठी त्या भीतीनं झोप उडवून घेण्याचं कारण नाही. काढलेली गाठ तपासायला पाठवायची असते, तेव्हा ही शंकाही कागदावर मिटते.

मी हाताच्या शस्त्रक्रिया करतो, आणि तुम्ही लिहिलेली हकीकत मला शब्दाशब्दानं ओळखीची आहे. माणसं बदलतात, हकीकत तीच: एक बोट, त्यावरचा एकच बिंदू, गार पाणी, नॉर्मल एक्स-रे आणि फाइलभर चिठ्ठ्या. मुळात हा आजार दुर्मिळ आहे. हातात होणाऱ्या सगळ्या गाठी मोजल्या तर त्यातल्या शंभरात एक ते पाच या जातीच्या. एखाद्या चांगल्या फॅमिली डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत एखादाच रुग्ण येईल, किंवा येणारही नाही. त्यामुळे आधीच्या कुणाला दोष देत बसू नका. निदान व्हायला कित्येक वर्षं लागणं ही जगभरचीच गोष्ट आहे. नखाखालच्या या गाठी बायकांमध्ये जास्त दिसतात आणि वय बहुधा तिशी ते पन्नाशीचं असतं. आई त्यात बरोबर बसतात.

गाठ नेमकी कशाची, ते थोडं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आपल्या त्वचेत, विशेषतः बोटांच्या टोकांत आणि नखाखालच्या मांसात, रक्तवाहिन्यांची बारीक वेटोळी असतात. त्यांना ग्लोमस बॉडी म्हणतात. तिथे रोहिणीतलं रक्त मधल्या केशवाहिन्या टाळून थेट नीलेत जातं. या वेटोळ्यांभोवती स्नायूंसारख्या आकुंचन पावणाऱ्या पेशींचे थर असतात. थंडी वाजली की ते आवळतात, उकडलं की सैल पडतात, आणि त्वचेतून किती उष्णता बाहेर जाऊ द्यायची हे त्यावर ठरतं. बोट गारव्याला इतकं चटकन प्रतिसाद देतं, त्यात या वेटोळ्यांचाही वाटा असतो. त्यांच्यातल्याच पेशी जागच्या जागी वाढल्या की ग्लोमस ट्यूमर होतो. एडिनबराच्या विल्यम वूड या सर्जननं १८१२ साली अशा दुखऱ्या गाठींचं वर्णन करून ठेवलं होतं. ती गाठ या वेटोळ्यांपासून बनते हे पिएर मासाँ या फ्रेंच पॅथॉलॉजिस्टनं १९२४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं.

गाठ असते ज्वारीच्या दाण्याएवढी, पुष्कळदा त्याहून लहान. मग एवढी कळ का? नखाखाली जागा कुठे असते? वर कडक नख, खाली हाड, मध्ये दोन-तीन मिलिमीटर मांस. तिथे मज्जातंतूंची टोकं दाटीनं असतात. गारवा लागला की गाठीतल्या पेशी आवळतात, आतला दाब वाढतो आणि ते तंतू चेपले जातात, असं मानलं जातं. म्हणून गोळ्यांनी ही गाठ जात नाही. वेदनाशामकानं तासभर धार बोथट होईल, नसांच्या गोळीनं झोप येईल, पण जी वस्तू तिथे बसली आहे ती बसलेलीच राहणार. तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं गेलं तर तेही घेऊ नका. त्यानं गाठ विरघळत नाही.

एक सावधगिरी. मोबाइलवर 'ग्लोमस' शोधलंत तर कानातल्या, मानेतल्या, कवटीच्या तळाशी होणाऱ्या 'ग्लोमस' गाठींची माहिती समोर येईल आणि घर पुन्हा हादरेल. तो वेगळ्या पेशींचा, वेगळा आजार आहे. नावापुरतं साम्य. ते पान बंद करा.

आता निदानाबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या आजाराचं निदान यंत्रात नसून रुग्णाच्या बोलण्यात आणि एका टाचणीत आहे.

रुग्णाला नीट बोलू दिलं की तीन गोष्टी हमखास बाहेर येतात. पहिली, कळ झटक्यात येते, वरच्या हातापर्यंत, कधी खांद्यापर्यंत सणक जाते, आणि काही वेळानं ओसरते. दुसरी, गारवा सोसत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तरी हे रुग्ण माठातलं पाणी ओतून घेताना ते बोट बाजूला धरतात. पहाटे टाकीतल्या साठवणीच्या पाण्यानं भांडी घासायची म्हटलं की अंगावर काटा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत तर ओढणीच्या टोकात बोट गुंडाळून फिरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. विड्या वळणाऱ्यांचा त्रास आणखी वेगळा. पानं मऊ पडावीत म्हणून भिजवून ठेवलेली असतात. त्या ओल्या, गार पानांना रोज शेकडो वेळा बोटाचं टोक लागतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: जागा. 'कुठे दुखतं?' विचारल्यावर मानेच्या मणक्याचा रुग्ण अख्ख्या हातावरून तळवा फिरवतो, संधिवाताचा रुग्ण सांधा दाखवतो. ग्लोमसचा रुग्ण दुसऱ्या हाताच्या बोटानं नखावरचा एक ठिपका दाखवतो, आणि दाखवतानाही त्याला हात लावत नाही.

आमच्या ओपीडीत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत दुखणी ऐकावी लागतात. 'नोप्पी' (तेलुगूत दुखणं) म्हणत तो एक ठिपका दाखवला गेला की अर्धं काम झालं. पण हे ऐकायला वेळ लागतो. कळ वरपर्यंत जाते एवढंच ऐकून मानेचा एमआरआय काढला, तर चव्वेचाळीसाव्या वर्षी मानेत काही ना काही सापडणारच, आणि मग पट्टा. तुमच्या आईंच्या बाबतीत तसंच झालेलं दिसतंय.

यानंतर टाचणी. बोथट टोक किंवा टाचणीचं डोकं घेऊन नखावर मिलिमीटर-मिलिमीटर दाबत जायचं. गाठीच्या बरोबर वर दाब पडला की रुग्ण हात हिसकावून घेतो. तिथून जरा बाजूला तेवढाच दाब दिला तर काही नाही. लव्ह या डॉक्टरांनी १९४४ मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून ही लव्हची चाचणी. पेनाच्या टोकानंही जमते. दुसरी हिल्ड्रेथ यांची, १९७० ची. हात उंच धरून रक्त उतरू द्यायचं, दंडावर बीपीचा पट्टा बांधून रुग्णाच्या रक्तदाबाच्या बराच वर हवा भरायची, म्हणजे हातात रक्त येणं थांबतं. मग पुन्हा त्याच ठिपक्यावर टाचणी. मघाशी किंचाळलेली बाई आता शांतपणे बघत राहते. पट्टा सोडला, रक्त आलं, की कळ परत. मला या चाचणीवर सगळ्यात जास्त भरवसा वाटतो. रक्तप्रवाह थांबल्यावर दुखणं थांबलं याचा अर्थ ते रक्तवाहिन्यांशी बांधलेलं आहे. न्यूरोमा (मज्जातंतूची गाठ) किंवा दुखावलेलं हाड असं वागत नाही. गारव्याची चाचणीही असते, बोट बर्फाच्या पाण्यात धरायची. पण घरी रोजच ती होत असताना दवाखान्यात मुद्दाम करायला मला जिवावर येतं.

नखाकडे उजेडात नीट पाहिलं तर काहींना निळसर-लाल ठिपका दिसतो, काहींच्या नखावर मुळापासून टोकापर्यंत एक उभी रेघ उठलेली असते किंवा टोकाशी नख चिरलेलं असतं. गाठ नखाच्या मुळाशी असेल तर रेघ येण्याची शक्यता जास्त, कारण तिथेच नख तयार होतं. आईचं तेच बोट दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशेजारी धरून पाहा. अंधाऱ्या खोलीत बोटाच्या खालून टॉर्च लावला तरी कधी कधी गडद लाल सावली दिसते. लहान गाठींत यातलं काहीच दिसत नाही, आणि दिसलं नाही म्हणून गाठ नाही असं होत नाही.

एक्स-रे नॉर्मल येणं हेही तसंच. गाठ मऊ मांसातली, ती एक्स-रेत दिसतच नाही. वर्षानुवर्षं हाडावर दाब पडला तर बाजूनं काढलेल्या फोटोत बोटाच्या शेवटच्या हाडावर गोलसर खळगा दिसतो, तो पाहण्यापुरता एक्स-रे कामाचा. शिवाय नखाखाली हाडाचीच वाढ झाली असेल तर ती त्यात कळते. सोनोग्राफी चांगली आणि स्वस्त, पण त्यासाठी वरवरच्या भागांसाठीचा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो आणि चिकाटीचा रेडिऑलॉजिस्ट लागतो. काळसर गोळा आणि रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावल्यावर त्यात जोरात वाहणारं रक्त असं चित्र मिळालं तर पुढे फारसं काही लागत नाही.

एमआरआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ठिपका पक्का, टाचणी पक्की, पट्टा बांधल्यावर कळ जाते, नखात निळसर डाग दिसतो, अशा रुग्णाला एमआरआयचा खर्च मी सांगत नाही. तो करूनही मी तिथेच चिरा देणार. मात्र आधी ऑपरेशन झालेलं असेल, दुखरे बिंदू एकाहून जास्त असतील, किंवा चाचण्या एकमेकींशी जुळत नसतील, तर करावा. आईंचं नख आधी एकदा काढलंय. त्या वेळी फक्त नख उपटलं होतं की खालच्या मांसालाही चिरा दिला होता, हे जुन्या कागदांत शोधा. नुसतं नख काढलं असेल तर खालची गाठ तिथेच अस्पर्श असणार आणि चित्र साधं आहे. खाली चिरून टाके घातले असतील तर तिथे व्रण असतो, त्यात गाठ शोधणं अवघड जातं. मग एमआरआय करूनच जा. करताना 'हाताचा एमआरआय' असं मोघम सांगू नका. बोटाच्या टोकाचा, लहान कॉइल (चित्र टिपणारं वेटोळं) वापरून, आणि दुखऱ्या ठिपक्यावर खूण म्हणून व्हिटॅमिन ईची गोळी चिकटपट्टीनं लावून. ती चित्रात चमकते आणि बघणाऱ्याला नेमकी जागा कळते. गाठ टी-टू प्रकारच्या चित्रांत पांढरी उठून दिसते, शिरेतून औषध दिल्यावर आणखी. तरीही दोन-तीन मिलिमीटरची गाठ निसटू शकते. रिपोर्ट नॉर्मल आणि टाचणी पक्की, असा पेच आला तर मी टाचणीचं ऐकतो.

डॉक्टरांनी इतर शक्यता पाहिल्या आहेत ना, एवढं विचारून घ्या. नखुरडं असेल तर सूज, लाली, पू असतो आणि ते आठवड्यात काय ते ठरतं, पाच वर्षं चालत नाही. नखात काळी-तपकिरी पट्टी असेल, ती रुंदावत असेल किंवा रंग नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला असेल, तर तो वेगळा आणि गंभीर विषय आहे, तिथे ताबडतोब बायोप्सी लागते. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

आता शस्त्रक्रिया. हिच्यासाठी पूर्ण भूल लागत नाही. बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लिग्नोकेन देऊन तेवढं बोट बधिर केलं जातं. पण बधिर करण्याआधी एक गोष्ट व्हायलाच हवी: रुग्ण जागा असताना, दुखत असताना, टाचणीनं ठिपका शोधून त्यावर पेनानं खूण. एकदा बोट बधिर झालं की ठिपका सांगणारं कुणी उरत नाही, आणि नख बाजूला केल्यावर खालचं गुलाबी मांस सगळीकडे सारखंच दिसतं. मी रुग्णाला ती खूण स्वतः बघायला लावतो. 'हीच ना जागा?' असं विचारल्याशिवाय सुई देत नाही.

मग बोटाच्या मुळाशी रबरी पट्टा आवळून रक्त थांबवायचं. रक्ताचा एक थेंब आला तरी दोन मिलिमीटरची गाठ दिसेनाशी होते. डोळ्यांवर भिंगांचा चष्मा हवाच. या दोन गोष्टींशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे. पट्टा शेवटी आठवणीनं काढायचा असतो, म्हणून त्याला चिमटा लावून ठेवतात, नजरेआड होऊ नये म्हणून.

गाठ नखाच्या मधोमध खाली असेल तर सरळ वाट नखातूनच. नख अलगद सुटं करून उचलायचं किंवा त्याचा लागेल तेवढाच भाग बाजूला घ्यायचा, खालच्या मांसावर उभा, लांबीच्या दिशेनं चिरा द्यायचा. आडवा कधीच नाही, आडव्या चिऱ्यानं पुढे नख दुभंगून येण्याची भीती जास्त. चिऱ्याच्या कडा बाजूला केल्या की राखाडी-गुलाबी, चकचकीत, भोवतालच्या मांसाहून वेगळी दिसणारी गाठ समोर येते. बऱ्याचदा तिला पातळ आवरण असतं आणि ती सबंध निघते. घाई इथेच नडते. गाठ निघाली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण त्यानंतर ती खळगी भिंगाखाली सावकाश बघायची, हाडापर्यंत खरवडायची, शेजारी दुसरी बारीक गाठ तर नाही ना हे पाहायचं. गाठ तुकड्यांत निघाली असेल तर दुप्पट काळजीनं. पुन्हा दुखू लागणाऱ्या रुग्णांत पहिल्यांदा काहीतरी मागे राहिलेलं असणं हे मोठं कारण असतं.

मग नखाखालचं मांस केसाहून बारीक, आपोआप विरघळणाऱ्या धाग्यानं कडेला कड लावून शिवायचं. काढलेलं नख फेकायचं नाही. ते स्वच्छ करून, खालचं रक्त निचरायला एक-दोन भोकं पाडून, परत जागेवर बसवायचं. खालची शिलाई नीट राहावी म्हणून ते झाकणाचं काम करतं. नवं नख उगवून त्याला पुढे ढकलत नेतं.

गाठ नखाच्या कडेला किंवा बोटाच्या पेराच्या मऊ बाजूला असेल तर नखाला हात न लावता बोटाच्या बाजूनं चिरा घेऊन, हाडालगत नखाखालचं मांस उचलून ती काढता येते. नख वाकडं येण्याची भीती त्यात कमी, पण मधोमध किंवा मुळाशी असलेली गाठ तिथून नीट दिसत नाही, आणि न दिसणारी गाठ अर्धवट निघते. कोणती वाट घ्यायची हे गाठीच्या जागेवर ठरतं. 'नख न काढता करून द्या' असा हट्ट रुग्णानं धरू नये. नख परत येतं. अर्धवट गाठीसाठी दुसऱ्यांदा टेबलावर जाणं त्याहून वाईट. मुळाशी, नख जिथे तयार होतं त्या भागात गाठ असेल तर मात्र नख थोडं रेघाळ किंवा चिरलेलं येऊ शकतं, हे आधी सांगायला हवं.

सगळं मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं काम. त्याच दिवशी घरी. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पूर्वी कधी भुलेच्या इंजेक्शनचा त्रास झाला असेल, तर आधी सांगा. 'उन्हाळ्यात जखम पिकते, पावसाळ्यात बघू' हा आपल्याकडचा लाडका समज आहे. त्यापायी थांबण्याची गरज नाही.

नंतरचे दोन दिवस हात छातीच्या वर उंच ठेवायचा, झोपताना उशीवर. जखमेचं दुखणं असतं, पण ते वेगळं असतं, आणि रुग्णांना फरक लगेच कळतो. गाठीची ती जुनी कळ बहुतेकांची त्याच दिवशी किंवा पहिल्या काही दिवसांत जाते. टोकाला हात लावल्यावरची हुळहुळ मात्र काही आठवडे राहते, त्यानं घाबरू नका. पट्टी दोन-तीन दिवसांनी बदलायची, कातडीला टाके असतील तर दोन आठवड्यांत निघतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणून पूर्ण नवं नख यायला चार ते सहा महिने धरा. मध्ये ते उंचसखल दिसेल. अंतिम रूप सहा महिन्यांनी ठरवा.

कामाचं. विड्या वळल्यामुळे ही गाठ होते असं मानायला आधार नाही. विड्या न वळणाऱ्या बायकांना होते, शिक्षिकांना होते, कधी पुरुषांनाही होते. वळणाऱ्यांना ती जास्त जाणवते, कारण पान गुंडाळणं, टोक दुमडणं, दोरा आवळणं सगळं त्याच दोन बोटांच्या टोकांवर चालतं. म्हणून काम कायमचं बंद करायला लावू नका. हजारी मोजून पैसे मिळतात, घर त्यावर चालत असेल तर ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. साधारण तीन ते चार आठवडे त्या बोटाला काम नको, मग थोडं थोडं सुरू. तोवर ओली पानं आणि तंबाखूची धूळ जखमेला लागता कामा नये. आणि आई मिश्री लावत असतील तर निदान ते महिनाभर तरी बंद. निकोटिननं बोटांच्या टोकांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि शिवलेलं मांस भरून यायला वेळ लागतो. मिश्रीचं डॉक्टर विचारत नाहीत आणि बायका आपणहून सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खर्चाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, ऑपरेशन झाल्यावर नव्हे. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर तेही बरोबर न्या. सरकारी रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी किंवा अस्थिरोग विभागात दाखवता येईल. कुठेही जा, सर्जनला तीन प्रश्न विचारायला संकोचू नका: भूल देण्याआधी जागेची खूण करणार का, रक्त थांबवून आणि भिंगातून करणार का, गाठ तपासायला पाठवणार का. हे प्रश्न ऐकून कुणाला राग आला तर दुसरं मत घ्या.

पुन्हा होईल का? होऊ शकते, पण नीट काढलेल्या गाठीत कमी. दोन प्रकार असतात. पहिल्या काही महिन्यांत तीच कळ, तोच ठिपका, तोच गारवा कायम असेल तर बहुधा काही मागे राहिलंय किंवा शेजारी दुसरी गाठ होती. तीन महिन्यांनंतरही असं असेल तर एमआरआय करून परत बघावं लागतं. कळ पूर्ण जाऊन वर्षांनी परत आली तर ती नवी गाठ असू शकते. दुसऱ्या बोटातही अशीच कळ सुरू झाली, किंवा अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे बरेच डाग आणि कातडीवर मऊ गाठी असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाच्या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. त्यात या गाठी एकाहून जास्त बोटांत होऊ शकतात. आईंच्या अंगावर असे डाग आहेत का, ते आधी पाहून घ्या आणि असतील तर सर्जनला दाखवा. नसतील तर हा मुद्दा सोडून द्या.

गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. त्यात गोल, एकसारख्या पेशी रक्तवाहिन्यांभोवती दिसल्या आणि 'ग्लोमस ट्यूमर' लिहून आलं की निदान पक्कं. तो कागद आणि ऑपरेशनची चिठ्ठी, ज्यात गाठ कुठे होती आणि सबंध निघाली का हे लिहिलेलं असतं, दोन्ही जपून ठेवा. पहिल्या वेळी नख काढलं तेव्हाची चिठ्ठी सापडली तर ती या वेळच्या सर्जनच्या हातात ऑपरेशनच्या आधी पडू द्या.